जंगलापासून खोक्यापर्यंत : विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीत नेमके काय पाहावे?

प्रश्न : पर्यावरणशास्त्राची शिक्षिका, नाशिक

नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. येत्या जानेवारीत द्वितीय वर्षाच्या २८ विद्यार्थ्यांना घेऊन पाच दिवसांच्या अभ्याससहलीसाठी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत जायचे आमच्या विभागाने ठरवले आहे. शाश्वत वनव्यवस्थापन आणि वनातल्या मालापासून तयार होणारे पॅकेजिंग, असा सहलीचा विषय आहे.

हा विषय का निवडला, तेही सांगते. द्राक्षांच्या हंगामात आमच्या परिसरातल्या पॅकहाउसमधून पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेले कंटेनर रोज बाहेर पडतात, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींच्या घरी द्राक्षबागा आहेत. प्लॅस्टिकऐवजी कागद वापरला की पर्यावरणाचे भले होते, एवढे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने खोके हातात घेऊन मला विचारले की, ह्या खोक्याचे झाड कुठे आहे आणि ते तोडल्यावर त्या जागी आता काय आहे? मला उत्तर देता आले नाही, आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली.

त्याच वर्षी आम्ही एका कागद कारखान्याला भेट दिली होती. सभागृहात एक चित्रफीत दाखवली गेली, रोपवाटिकेत प्रत्येकाच्या हातून एक रोप लावून घेतले गेले, छायाचित्रे निघाली आणि जेवण झाले. परतल्यावर मुलांनी लिहिलेले अहवाल माहितीपत्रकाची नक्कल होते. त्यांचा दोष नव्हता, कारण त्यांना स्वतः मोजता येईल, तपासता येईल असे काही आम्ही दाखवलेच नव्हते.

यंदा तसे होऊ नये म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. बांबूचे जंगल, ते राखणारे लोक आणि कागदनिर्मिती हे तिन्ही एकाच सहलीत कोणत्या क्रमाने पाहावे? मुलांनी जंगलात स्वतःच्या हातांनी काय मोजावे, म्हणजे ‘शाश्वत’ ह्या शब्दाचा अर्थ त्यांना आकड्यांत दिसेल? आणि कारखान्यात गेल्यास कोणते प्रश्न विचारायला हवेत?

उत्तर : निवृत्त वनक्षेत्रपाल, चंद्रपूर

ताई, आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आम्ही नोकरीत असताना स्वतःला फार कमी वेळा विचारला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे बांबूच्या बेटाला रांजी म्हणतात. बांबूच्या जंगलाची तब्येत कळण्यासाठी उपग्रहाच्या नकाशापेक्षा एका रांजीपाशी अर्धा तास बसणे अधिक उपयोगाचे, असे माझे मत आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मुख्यतः मानवेल बांबू आहे. त्याची काठी पूर्ण उंची एका पावसाळ्यातच गाठते आणि त्यानंतर जाडीने वाढत नाही, नुसती पक्की होत जाते. म्हणून झाडासारखा घेर मोजून बांबूचे वय कळत नाही, ते खुणांवरून ओळखावे लागते. त्या वर्षीच्या काठीच्या पेरांवर तपकिरी आवरण चिकटून असते आणि खाली पांढुरकी भुकटी दिसते. दुसऱ्या वर्षी आवरण गळते, रंग गर्द हिरवा होतो आणि फांद्या नीट फुटलेल्या असतात. तिसऱ्या वर्षापासून काठी पिवळट पडू लागते, तिच्यावर बुरशीचे करडे ठिपके येतात आणि कोयत्याच्या मुठीने ठोकले तर आवाज टणक येतो. कोणताही अनुभवी बांबू कामगार हे पाहताक्षणी सांगतो. मुलांनी त्याच्याकडून शिकावे आणि मग प्रत्येक गटाने पाच रांज्या घेऊन त्यांतल्या काठ्या वयानुसार मोजाव्यात.

ह्या मोजणीतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. रांजीत दर वर्षी नव्या काठ्या किती येतात आणि तोडीच्या फेऱ्यात किती जातात, ह्यांचा मेळ बसला तर जंगल टिकते. उदाहरणादाखल, एका रांजीत दर वर्षी पाच नवे बांबू उभे राहत असतील आणि तोड चार वर्षांनी एकदा होत असेल, तर त्या फेऱ्यात वीसपेक्षा जास्त काठ्या काढणे म्हणजे मुद्दलाला हात घालणे होय. प्रत्यक्षात वीसही काढता येत नाहीत, कारण काही कोंब जनावरे खातात, काही वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, माणसे भाजीसाठी नेतात आणि काही काठ्या वाऱ्याने मोडतात.

तोडीचे नियम समजायला सोपे आहेत. दोन वर्षांच्या आतली काठी तोडायची नाही. रांजीत आठ-दहा पक्क्या काठ्या राखायच्याच, कारण नव्या कोंबांना आधार आणि अन्न त्यांच्याकडून मिळते. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पहिल्या पेराच्या लगेच वर, स्वच्छ काप घ्यायचा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. पावसाळ्यात, कोंब फुटत असताना, तोड पूर्ण बंद. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे काठ्या आतल्या भागातून काढायच्या, कारण नवा कंद रांजीच्या कडेने बाहेर सरकत असतो. कडेच्या काठ्या कापायला सोप्या असतात, आतल्या गुंत्यात शिरणे कष्टाचे असते. ज्या काळात कंत्राटी मजुरांना बंडलामागे पैसे मिळत, त्या काळात कडेचे बांबू गेले आणि मधला भाग गच्च होऊन मेला, अशा रांज्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. त्या मजुरांना मी बोल लावणार नाही, कारण त्यांना मिळणारा दरच तसा होता.

दराचा विषय निघालाच आहे, तर १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण मुलांकडून जरूर वाचून घ्या. उद्योगांना सवलतीच्या दरात वनोपज पुरवण्याची पद्धत बंद व्हावी आणि कारखान्यांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून उभा करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यापूर्वी कागद कारखान्यांना सरकारी जंगलातला बांबू नाममात्र दराने मिळत होता. वस्तू इतकी स्वस्त मिळाली की तिला जपण्याची निकड कोणालाच वाटत नाही, हे मी जागेवर पाहिले आहे.

वेळ असल्यास वनविकास महामंडळाचे एखादे सागवान क्षेत्र आणि बल्लारशाहचे लाकूड आगार पाहावे. आगारात थप्पीवरच्या प्रत्येक नगावर घातलेले आकडे आणि हातोड्याचा ठसा मुलांना दाखवा, म्हणजे लाकूड जंगलाच्या कोणत्या कक्षातून, म्हणजे आखून दिलेल्या तुकड्यातून, आले ते कागदोपत्री कसे मागे नेता येते, हे त्यांना कळेल. पॅकेजिंगशी सागाचा संबंध नगण्य आहे, म्हणून तिथे अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ देऊ नये.

उत्तर : पुठ्ठ्याच्या खोक्यांचा उत्पादक, सिन्नर

वरचे उत्तर अतिशय मोलाचे आहे, मात्र मॅडमनी सहलीची जी कल्पना केली आहे तिच्यात एक गृहीत आहे आणि ते आधीच तपासले पाहिजे. नाशिकच्या खोक्याचे झाड गडचिरोलीत आहे, असे विद्यार्थ्यांच्या मनात बसले तर सहल चुकीच्या पायावर उभी राहील.

मी गेली २२ वर्षे कोरूगेटेड बॉक्स, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याची खोकी, बनवतो. भारतात खोक्यांसाठी लागणारा तपकिरी क्राफ्ट कागद बहुतांश रद्दीपासून तयार होतो. जुनी खोकी, कात्रण आणि परदेशातून आयात केलेली रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात आणि त्याचा पुन्हा कागद बनतो. बांबू आणि निलगिरी-सुबाभळीचा लगदा मुख्यतः लिहिण्या-छापण्याच्या कागदाकडे आणि औषधे, साबण, खाद्यपदार्थ यांच्या छापील डब्यांच्या पांढऱ्या बोर्डाकडे जातो. म्हणजे द्राक्षाच्या खोक्याचे ‘झाड’ पुष्कळदा भिवंडीच्या किंवा वापीच्या रद्दी गोदामात असते, आणि त्याआधी ते अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या एखाद्या पाइनच्या जंगलात असू शकते.

ह्याने वनाचे महत्त्व कमी होत नाही. कागदाचा तंतू दर फेरीत आखूड आणि दुबळा होत जातो. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो कागद धरून ठेवण्याच्या कामाचा उरत नाही आणि गाळाबरोबर निघून जातो. म्हणून साखळीत कुठेतरी नवा तंतू सतत घालावाच लागतो. पाइनचा तंतू सुमारे तीन मिलिमीटर लांब, निलगिरीचा जेमतेम एक मिलिमीटर, आणि बांबूचा या दोहोंच्या मधला. लांब तंतू एकमेकांत नीट गुंततात, त्यामुळे फाटण्याला विरोध करणारी ताकद वाढते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी आम्ही बाहेरच्या थराला नव्या तंतूचा क्राफ्ट वापरतो त्याचे कारण हेच. शीतगृहातल्या दमट हवेत पुठ्ठा ओल शोषतो आणि खोक्याची भार पेलण्याची शक्ती सुमारे निम्म्यावर येते. थप्पीतले तळाचे खोके दबले, तर फळांसकट सगळा माल वाया जातो, आणि वाया गेलेल्या द्राक्षांना लागलेले पाणी व खत जमेस धरले तर तो तोटा खोक्यातल्या कागदाच्या कितीतरी पट असतो. शाश्वततेचा हिशेब करताना ही बाजू बहुतेक वेळा सुटते.

मुलांनी निघण्याआधी प्रयोगशाळेतच एक काम करावे. वापरलेल्या पाच प्लायच्या खोक्यातून १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापावा, कोमट पाण्यात भिजवावा आणि पाचही थर अलगद सुटे करावेत. स्टार्चची खळ भिजली की ते आपोआप सुटतात. थर वाळवून प्रत्येकाचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे आणि त्याला शंभराने गुणावे, म्हणजे त्या कागदाचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन, मिळतो. नालीदार थर सरळ केला की तो दहा सेंटिमीटरपेक्षा लांब भरतो, म्हणून त्याचे आकडे काढताना पुन्हा दहाचाच तुकडा घ्यावा आणि तो किती लांब भरला तेही लिहून ठेवावे. मग प्रत्येक थराचा कपटा फाडून त्याची कड भिंगाखाली पाहावी. नव्या तंतूच्या कागदाची कड केसाळ दिसते, रद्दीच्या कागदाची आखूड आणि भुसभुशीत, आणि मध्येच छपाईच्या शाईचे निळे-काळे कण सापडतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो.

खोक्यावर एफएससीचे, म्हणजे जबाबदारीने राखलेल्या जंगलांतल्या मालाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे, चिन्ह असेल तर त्याखालचा शब्दही वाचायला सांगा. शंभर टक्के, मिक्स आणि रिसायकल्ड असे तीन प्रकार असतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. नुसते झाडाचे चित्र पाहून समाधान मानू नये.

उत्तर : ग्रामसभांसोबत काम करणारी कार्यकर्ती, धानोरा, जि. गडचिरोली

ताई, तुम्ही गडचिरोलीला येणार असाल तर मेंढा (लेखा) गावाचे नाव यादीत असणारच. म्हणून आधीच विनंती करते की गावाला प्रेक्षणीय स्थळ समजून बस थेट चौकात उभी करू नका. ग्रामसभेला किमान महिनाभर आधी पत्र लिहा, मुले काय शिकायला येत आहेत ते कळवा आणि ग्रामसभा सांगेल त्या दिवशीच या. इथले निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ देणे हाच मुलांसाठी पहिला धडा ठरेल.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे हक्कदार गावकऱ्यांना गोळा करून विकता येईल असा वनातला माल, मानले. त्या कायद्याखाली मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक आहे. पण हक्काचा कागद हातात येऊनही बांबू विकता येत नव्हता, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. त्यानंतरच गावाने स्वतः बांबूची विक्री केली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुष्कळांनी ऐकलेली असते, पण परवाना पुस्तकासारख्या साध्या वस्तूवर सगळे कसे अडून राहिले होते, हे मुलांनी गावकऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे.

वनक्षेत्रपाल साहेबांनी रांजीत काय राखायचे ते उत्तम सांगितले आहे. त्यात एवढीच भर घालते की, ‘यंदा ह्या भागात तोड नको’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रत्येक जागी विचारा. ज्या माणसाला पुढच्या वर्षीही त्याच रांजीकडे यायचे आहे, त्याच्या हातात तो अधिकार असला तर नियम पाळले जाण्याची शक्यता फार वाढते.

शिवाय पॅकेजिंग म्हणजे केवळ कारखान्यातला पुठ्ठा, असे मुलांना वाटू देऊ नका. जिल्ह्यातल्या बुरड कुटुंबांकडे अर्धा दिवस ठेवा. टोपली, सूप, धान्य साठवायची ढोली ही शतकानुशतके चालत आलेली वेष्टनेच आहेत, आणि शेणाने लिंपलेली चांगली ढोली वर्षानुवर्षे टिकते. विणकामाला कोवळटच पण पक्की होऊ लागलेली लांब पेरांची काठी लागते, तर लगद्याला कोणतीही चालते. निस्तार आगारातून, म्हणजे स्थानिकांच्या गरजेसाठी वनखात्याने ठेवलेल्या साठ्यातून, त्यांना हवा तसा बांबू वेळेवर मिळतो का, हे त्यांनाच विचारा. एका काठीचे किती बेळ, म्हणजे विणायच्या पट्ट्या, निघाले, त्यातून किती टोपल्या झाल्या आणि त्याचे किती पैसे आले, हे मुलांनी मोजले तर तीच काठी बंडलात विकण्याच्या किमतीशी तुलना करता येईल. बायकांचे तास ह्या हिशेबात धरायला विसरू नका.

पुन्हा शिक्षिका

आपणा तिघांचे मनापासून आभार. माझ्या आराखड्यातली चूक सिन्नरच्या सरांमुळे वेळेत कळली. आता खोके सुटे करण्याचे काम डिसेंबरमध्ये प्रयोगशाळेतच होईल आणि निघण्यापूर्वीचा एक दिवस जवळच्या रद्दी गोदामाला देईन. नंतर गडचिरोलीत ग्रामसभा, रांज्यांची मोजणी आणि बुरड कुटुंबे, आणि शेवटी कारखाना, असा क्रम ठरवते आहे. ग्रामसभेला पत्र याच आठवड्यात लिहिते. कारखान्याबद्दल कोणी सांगू शकेल का? मागचा अनुभव पाहता तो दिवस गाळावा, असेही मनात येते.

उत्तर : लगदा विभागातला माजी अभियंता, बल्लारपूर

गाळू नका. जंगल पाहून कारखाना न पाहणे म्हणजे अर्धीच गोष्ट ऐकणे होईल. बल्लारपुरातल्या ज्या कंपनीतून इथला कागद उद्योग वाढला, ती १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच ‘स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ होते, म्हणजे पेंढ्याच्या पुठ्ठ्याचा कारखाना. पॅकेजिंग ह्या गावाच्या मुळाशीच आहे.

प्रवेशासाठी पत्र देतानाच लिहा की चित्रफीत नको, चार ठिकाणी प्रत्येकी वीस मिनिटे उभे राहू द्यावे. पहिले ठिकाण चिपरचे, जिथे बांबूचे आणि लाकडाचे तुकडे होतात. तिथे माल कोणत्या जिल्ह्यातून आणि जंगलातून आला की शेतातून, हे गाडीच्या पावतीवरून विचारावे. दुसरे डायजेस्टर. तिथे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावात सुमारे १६० ते १७० अंश सेल्सियसला तुकडे शिजतात. तंतूंना जोडणारे लिग्निन विरघळते, आणि कोरड्या वजनाचा साधारण निम्माच भाग लगदा म्हणून हाती येतो. तिसरे ठिकाण रिकव्हरी बॉयलर. विरघळलेला उरलेला निम्मा भाग म्हणजे काळा द्राव. तो आटवून जाळतात, त्यातून वाफ आणि वीज मिळते आणि रसायने परत मिळवली जातात. बांबूत सिलिका बरीच असते. ती आटवणीच्या नळ्यांत खपलीसारखी बसते आणि पुढे रसायने परत मिळवताना वापरल्या जाणाऱ्या चुन्याच्या चक्रातही अडथळा आणते. ह्या खपल्या काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, म्हणून सांगतो की कच्चा माल बदलला की कारखान्याचे अख्खे गणित बदलते. चौथे ठिकाण सांडपाणी प्रक्रिया केंद्र. आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी दोन काचेच्या बरण्यांत शेजारी शेजारी दाखवा, अशी विनंती करा. एक टन कागदाला किती पाणी लागते आणि त्यातले किती पुन्हा वापरले जाते, हे विचारा आणि मिळालेला आकडा मुलांनी जागेवरच लिहून घ्यावा.

गंधकयुक्त वायूंमुळे कुजक्या कोबीसारखा वास येईल. त्याची कल्पना मुलांना आधी द्या आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना डायजेस्टरपाशी नेऊ नका.

उत्तर : निवृत्त वनक्षेत्रपाल, चंद्रपूर

क्रम योग्य आहे. एक गोष्ट पहिल्या उत्तरात लिहायची राहिली. आमच्या जिल्ह्यांत वाघांचा वावर फार आहे, आणि २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तीही येऊ लागले आहेत. बांबूच्या जंगलात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. म्हणून सकाळी ऊन चांगले वर आल्यावरच आत शिरावे, दुपारी चारच्या आत बाहेर पडावे, आणि प्रत्येक गटाबरोबर गावचा एक जाणता माणूस मजुरी देऊन घ्यावा. रांजीतल्या काठ्या मोजताना सगळ्यांचे डोळे खाली असतात, तेव्हा दोघांनी फक्त आजूबाजूला पाहण्याचे काम करावे आणि दर अर्ध्या तासाने ती पाळी बदलावी.